मायकल जॉर्डन यांची पुस्तकांची यादी: कुठून शिरायचं आणि कुठे अडायला होतं

मशीन लर्निंग मनापासून शिकायला घेतलं की कधी ना कधी मायकल जॉर्डन यांची यादी हाती पडते. बास्केटबॉलवाले जॉर्डन वेगळे. हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अनेक वर्षं प्राध्यापक होते. अँड्र्यू एंग हे त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी, आणि योशुआ बेंजिओ यांनी एमआयटीत त्यांच्याकडे पोस्टडॉक केलं. मजकुरांच्या ढिगातून विषय वेगळे काढणारी एलडीए ही पद्धत डेव्हिड ब्लाय, एंग आणि जॉर्डन या तिघांनी २००३ साली मांडली. त्यामुळे ‘काय वाचू?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर वजनदार आहे.

यादीतल्या तेरा पुस्तकांपैकी एकाच्याही नावात ‘इंटेलिजन्स’, ‘लर्निंग’ किंवा ‘न्यूरल’ हा शब्द नाही. सगळं संख्याशास्त्र, संभाव्यता, ऑप्टिमायझेशन, मॅट्रिक्सची आकडेमोड आणि माहितीशास्त्र. बरेच जण इथेच बिचकतात आणि यादी बाजूला ठेवतात. काही जण उलट उत्साहाने तेराही पुस्तकं उतरवून घेतात आणि पहिल्याच्या चाळिसाव्या पानावर थांबतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी यादी कुणासाठी होती ते आधी ध्यानात घ्यायला हवं. बर्कलीत पीएचडीला नव्याने आलेल्या, पुढची काही दशकं याच विषयात घालवणार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती केलेली होती. नोकरीत असलेल्या आणि काही महिन्यांत काम चालू करायचं असलेल्या माणसासाठी आपण बरीच वेगळी यादी दिली असती, असं जॉर्डन यांनीच २०१४ साली स्पष्ट केलं. प्रत्येक पुस्तक तीनदा वाचा, हाही त्यांचाच सल्ला: पहिल्या वेळी जेमतेम काही कळतं, दुसऱ्या वेळी उलगडायला लागतं, तिसऱ्या वेळी सगळं उघडच वाटतं. हा सल्ला शब्दशः घ्यावा. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून गेलं तर तुमचं काही चुकत नाहीये.

सुरुवात कॅसेला आणि बर्जर यांच्या ‘स्टॅटिस्टिकल इन्फरन्स’पासूनच करायची, यात दुमत नको. यातला जवळजवळ सगळा भाग मशीन लर्निंगमधल्या प्रत्येकाला पक्का यायला हवा, असं जॉर्डन यांचं मत आहे. आपल्याकडे एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक ओळखीचं असतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना नसतं. बारा प्रकरणं आहेत. पहिली चार म्हणजे संभाव्यतेची उजळणी. बारावीचं कलन आणि इंजिनिअरिंगचं एम-थ्री नीट झालेलं असेल तर ती महिन्या-दीड महिन्यात होतात. खरं पुस्तक पाचव्या प्रकरणापासून दहाव्यापर्यंत आहे. सहावं प्रकरण, म्हणजे सफिशिअन्सी (नोंदींतली कामाची सगळी माहिती थोडक्या आकड्यांत कशी सामावते), सगळ्यांना रुक्ष वाटतं. तिथे अडून बसू नका. व्याख्या आणि दोन उदाहरणं करून सातव्यात जा. सातव्याने त्याची गरज दाखवून दिली की परत या.

सातव्या प्रकरणातला एक प्रश्न इथे बसच्या रूपात सोडवून पाहू, म्हणजे हे पुस्तक कसं वाचायचं ते कळेल. बस दर ‘क’ मिनिटांनी येते, पण ‘क’ किती ते माहीत नाही. तुम्ही स्टॉपवर कधीही पोचता, म्हणजे थांबायची वेळ शून्य ते ‘क’ यांच्यामध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने. पाच दिवसांच्या नोंदी: ३, ५, ४, २ आणि २६ मिनिटं. ‘क’चा अंदाज काय?

पहिली पद्धत: सरासरी थांबणं ‘क’च्या निम्मं असणार, म्हणून सरासरीची दुप्पट. बेरीज ४०, सरासरी ८, दुप्पट १६. म्हणजे बस दर १६ मिनिटांनी येते, आणि तरी एक दिवस तुम्ही २६ मिनिटं थांबलात! उत्तर अशक्य आहे. दुसरी पद्धत मॅक्झिमम लाइकलिहूडची: ज्या ‘क’मुळे याच नोंदी येण्याची शक्यता (लाइकलिहूड) सगळ्यांत जास्त, तो निवडायचा. इथे बहुतेक जण सवयीने डेरिव्हेटिव्ह काढून शून्याला मांडतात आणि फसतात, कारण तो शून्य होतच नाही. लाइकलिहूड इथे एक भागिले ‘क’चा पाचवा घात. ‘क’ जितका लहान, तितकी ती मोठी. पण ‘क’ सगळ्यांत मोठ्या नोंदीपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणून उत्तर २६. चित्र काढलं की एका ओळीत दिसतं, नुसतं समीकरण मांडलं की दिसत नाही.

हा अंदाज मात्र नेहमी कमीच पडतो, कारण सगळ्यांत मोठी नोंद ‘क’च्या अलीकडेच राहते. नोंदी ‘न’ असतील तर तो सरासरीने ‘क’च्या न भागिले (न+१) पट येतो. म्हणून ६/५ ने गुणायचं: ३१.२ मिनिटं. आता १०० नोंदी घेतल्या तर दुप्पट सरासरीची प्रमाण चूक (अंदाज साधारण किती इकडेतिकडे होतो) ‘क’च्या ५.८ टक्के येते, आणि दुरुस्त केलेल्या कमालाची, म्हणजे सगळ्यांत मोठ्या नोंदीची, साधारण १ टक्का. डेटा तोच, पद्धत बदलली की चूक सहापटीने कमी. हे कागदावर सोडवल्यावर पायथनमध्ये दहा हजार वेळा सोडत काढून दोन्ही हिस्टोग्राम पाहा. दहा-पंधरा ओळींचा कोड पुरतो. आकडा जुळला नाही तर तुमच्या गणितात किंवा कोडमध्ये चूक आहे, आणि ती शोधतानाच विषय कळतो.

याच उदाहरणात क्रामेर-राव असमानता (अंदाजाचं प्रचरण, म्हणजे फैलाव, किमान किती राहणार ते सांगणारं प्रमेय) डोळे झाकून लावली तर प्रचरण ‘क’चा वर्ग भागिले ‘न’ याच्या खाली जाऊ नये असं निघतं. पण दुरुस्त केलेल्या कमालाचं प्रचरण ‘क’चा वर्ग भागिले न(न+२), म्हणजे कितीतरी खाली. प्रमेय खोटं पडलं का? नाही. नोंदींची मर्यादाच ‘क’वर अवलंबून असल्याने प्रमेयाची अट इथे पाळली जात नाही. अट न तपासता प्रमेय लावणं ही या विषयातली सगळ्यांत महागडी सवय आहे, आणि हे पुस्तक ती मोडतं.

त्या असमानतेतले राव म्हणजे सी. आर. राव. त्यांचा तो निबंध १९४५ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. आणि पुढे लार्ज सॅम्पल थिअरीत (नमुना मोठा होत गेला की अंदाजांचं काय होतं, याच्या अभ्यासात) शिरलात की आपल्या घरचं एक नाव भेटतं: कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. लाइकलिहूड समीकरणाच्या उत्तरांची सुसंगती आणि कमाल यांवरचा त्यांचा निबंध १९४८चा. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. नमुना वाढत गेला की मॅक्झिमम लाइकलिहूडचं उत्तर खऱ्या किमतीकडे का जातं, हा आजच्या प्रत्येक मॉडेलच्या ट्रेनिंगमागचा प्रश्न आहे, आणि त्यावर हुजूरबाजारांचं काम उभं आहे. मराठी विद्यार्थ्यांना हे नाव अधिक ठाऊक असायला हवं असं मला फार वाटतं.

लार्ज सॅम्पलसाठी यादीत दोन पुस्तकं आहेत: फर्ग्युसन आणि लेहमन. एकट्याने शिकणाऱ्याने फर्ग्युसन घ्यावं. प्रकरणं छोटी आहेत आणि मागे उत्तरं दिलेली आहेत. लेहमन जास्त समजावून सांगतं, उदाहरणंही भरपूर देतं, पण जाड आहे. फर्ग्युसनमध्ये एखादी पायरी उडी मारून गेली की लेहमनमध्ये तोच विषय पाहायचा.

संभाव्यतेची तीन पुस्तकं आहेत, आणि सगळ्यांत मोठी चूक इथे होते. पोलार्ड आणि ड्युरेट मेझर थिअरीतून, म्हणजे संचांना माप देण्याच्या अमूर्त गणितातून जातात. ‘पाया पक्का करू’ म्हणून लोक तिथून सुरुवात करतात आणि तीन महिन्यांनी सिग्मा-अल्जिब्रा येतं, पण दोन फाशांचा प्रश्न अडतो. आधी ग्रिमेट आणि स्टर्झेकर. त्याच लेखकांचं एक हजार प्रश्नांचं सोबतीचं पुस्तक आहे, त्यात उत्तरं आहेत. दोन्ही जोडीने वापरावीत. रँडम वॉक, मार्कोव्ह चेन आणि कंडिशनल एक्स्पेक्टेशन एवढं झालं की पहिल्या फेरीपुरतं पुरे. पोलार्डकडे जाल तेव्हा एक लक्षात ठेवा: तो संच आणि त्याचं इंडिकेटर फंक्शन (संचात असेल तर १, नसेल तर ०) यांना एकच चिन्ह वापरतो, आणि अपेक्षित किमतीलाही संभाव्यतेचंच चिन्ह लावतो. पहिली वीस पानं त्यामुळे अनोळखी लिपीसारखी वाटतात. चिन्हांचा एक कागद करून पुस्तकात ठेवला की त्रास संपतो. ड्युरेटचं पुस्तक लेखकाच्या स्वतःच्या पानावर मोफत आहे.

गोलब आणि व्हॅन लोन यांचं ‘मॅट्रिक्स कॉम्प्युटेशन्स’ सलग वाचायचं पुस्तक नव्हे. पण त्यातली एक गोष्ट प्रत्येकाने हाताने करून पाहायलाच हवी. तीन ओळी आणि दोन स्तंभांचं मॅट्रिक्स घ्या. पहिल्या स्तंभात १, छ, ०. दुसऱ्यात १, ०, छ. इथे ‘छ’ म्हणजे १०चा उणे आठवा घात. लीस्ट स्क्वेअर्ससाठी (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं उत्तर काढण्यासाठी) कॉलेजात शिकवतात तसं ट्रान्सपोजने गुणलं तर दोन बाय दोनचं मॅट्रिक्स येतं: कर्णावर १ अधिक छचा वर्ग, बाकी दोन जागी १. छचा वर्ग म्हणजे १०चा उणे सोळावा घात. संगणकाच्या डबल प्रिसिजनमध्ये अंदाजे सोळाच अंक मावतात, त्यामुळे ही भर गळून पडते आणि चारही जागी नुसता १ उरतो. मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे त्याचा व्यस्त निघतच नाही! मूळ स्तंभ वेगळे होते, प्रश्नाला उत्तर होतं. आपणच गुणाकार करून ते पुसलं. कारण एवढंच की या गुणाकाराने कंडिशन नंबरचा (बारीक चूक उत्तरात किती फुगते त्या मापाचा) वर्ग होतो. म्हणून क्यूआर किंवा एसव्हीडी (मॅट्रिक्स सोप्या तुकड्यांत फोडायच्या पद्धती) थेट मूळ मॅट्रिक्सवर चालवायचं. नमपाय या पायथन लायब्ररीतलं लीस्ट स्क्वेअर्सचं तयार फंक्शन एसव्हीडीच वापरतं. मोठी मॉडेल्स ३२ किंवा १६ बिटांत चालतात, तिथे तर अंक आणखी कमी. ३२ बिटांत ‘छ’ १०चा उणे चौथा घात असला तरी हाच अपघात होतो. ट्रेनिंगमध्ये लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) अचानक ‘नॅन’, म्हणजे ‘आकडाच नाही’, होणं, हे त्याच कुळातलं दुखणं. या पुस्तकातून पहिल्या फेरीत फ्लोटिंग पॉइंट (संगणकातले दशांश आकडे), एलयू ही आणखी एक फोड, क्यूआर आणि एसव्हीडी एवढंच घ्यावं.

बॉइड आणि वांडनबर्ग यांचं ‘कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन’ (वाटीसारख्या फंक्शनचा तळ शोधण्याचं गणित) सातशेहून जास्त पानांचं आहे, पण पीडीएफ लेखकांनी मोफत ठेवली आहे आणि बॉइड यांची स्टॅनफर्डची लेक्चर्सही बघायला मिळतात. दुसरं ते पाचवं प्रकरण, मग थेट नववं. दुसऱ्यातले जनरलाइज्ड इनइक्वॅलिटी आणि ड्युअल कोनचे भाग पहिल्या वाचनात सोडून द्या. तिथे धडकून पुस्तक मिटणारे खूप आहेत. पाचवं, ड्युअलिटीचं (मूळ प्रश्नाचा जोडप्रश्न मांडून उत्तराची हद्द काढण्याचं), सावकाश. प्रत्येक उदाहरण सीव्हीएक्सपाय या पायथन लायब्ररीत चालवून ड्युअल किंमत छापून बघा. ‘न्यूरल नेटवर्क तर कॉन्व्हेक्स नसतं, मग हे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. स्टेप साइज (पाऊल) मोठा घेतला की ग्रेडिएंट डिसेंट (उताराच्या दिशेने पावलं टाकत तळ गाठणं) का उधळतो, लहान घेतला की का रांगतो, हे कळायची स्वच्छ जागा कॉन्व्हेक्स प्रश्न हीच आहे. पण स्टोकॅस्टिक ग्रेडिएंट (दर पावलाला डेटाचा छोटा नमुनाच घेणारा प्रकार) या पुस्तकात नाही, तो दुसरीकडून शिकावा लागेल. बर्टसिमास आणि त्सित्सिक्लिस यांचं लिनिअर ऑप्टिमायझेशन उत्तम आहे, पण वेळापत्रकं, वाहतूक असलं काम करायचं नसेल तर दुसऱ्या वर्षावर ढकला.

मग माहितीशास्त्राचं पुस्तक: कव्हर आणि थॉमस. इथे माझं झुकतं माप आहे, कारण भाषेच्या मॉडेलांवर काम करायचं तर यादीतलं सगळ्यांत उपयोगी पुस्तक हेच. दुसऱ्या आवृत्तीतली दुसरं, तिसरं, पाचवं आणि अकरावं ही प्रकरणं घ्या. ट्रेनिंगच्या वेळी स्क्रीनवर दिसणारा क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस कमी करणं, लाइकलिहूड वाढवणं आणि केएल अंतर (मॉडेलच्या आणि खऱ्या वितरणातला फरक) घटवणं ही एकाच कामाची तीन नावं आहेत. दुसऱ्या प्रकरणानंतर हे तुम्हाला स्वतः सिद्ध करता यायला हवं. पुस्तक बिटांत मोजतं, पायटॉर्च ही मॉडेल घडवायची लायब्ररी नैसर्गिक लॉगमध्ये. ०.६९३ ने भागायचं विसरलं की आकडे जुळत नाहीत. लॉस ३ असेल तर पर्प्लेक्सिटी साधारण २०, म्हणजे प्रत्येक टोकनला (शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला) मॉडेल जणू वीस सारख्या पर्यायांत चाचपडतंय. बिटांत तोच लॉस ४.३३.

मराठीवर काम करणाऱ्याने एक खबरदारी घ्यायलाच हवी. हा लॉस टोकनमागे असतो, आणि प्रामुख्याने इंग्रजीवर घडवलेले टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारे प्रोग्रॅम) मराठी शब्दाचे पुष्कळ तुकडे करतात. ‘नमस्कार’ घ्या: न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकी तीन म्हणजे २१ बाइट. एका टोकनायझरने त्याचा एक तुकडा केला आणि दुसऱ्याने सात, तर दुसऱ्याचे शेवटचे तुकडे ओळखणं सोपंच असतं. टोकनमागचा लॉस आपसूक कमी दिसतो. मॉडेल चांगलं झालेलं नसतं. दोन मॉडेल्सची तुलना करायची तर पूर्ण मजकुराचा एकूण लॉस काढून बाइटांच्या संख्येने भागा. एवढं केलं नाही तर मराठी मॉडेलांची तुलना भरवशाची राहत नाही.

गेलमन आणि सहकाऱ्यांचं ‘बेझियन डेटा अ‍ॅनॅलिसिस’ (तिसऱ्या आवृत्तीची पीडीएफ खासगी अभ्यासासाठी मोफत आहे) पाचव्या प्रकरणातल्या आठ शाळांसाठी तरी उघडाच. अमेरिकेतल्या आठ शाळांत एसएटी परीक्षेसाठी कोचिंग दिलं. गुणांतली वाढ शाळानिहाय: २८, ८, उणे ३, ७, उणे १, १, १८, १२. आपण काय करू? ‘२८ गुणांची वाढ!’ असा पहिल्या शाळेचा फलक लावू. पण तिच्या २८ची प्रमाण चूक १५ आहे. सगळ्या शाळा सारख्याच मानल्या तर एकत्रित वाढ ७.७ येते, चूक ४.१. खरं उत्तर या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे, आणि किती अलीकडे-पलीकडे हे डेटाच ठरवतो: २८ बराच खाली ओढला जातो. हे गणित स्टॅनमध्ये (बेझियन मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सरळ लिहिलं तर सॅम्पलर, म्हणजे शक्य उत्तरांचे नमुने काढणारा भाग, निमुळत्या जागी अडकतो आणि डायव्हर्जन्सचे (वाट चुकल्याचे) इशारे येतात. ते दुर्लक्षू नका. प्रत्येक शाळेचा परिणाम ‘सरासरी अधिक पसारा गुणिले प्रमाणित चल’ असा लिहून काढला की मार्ग मोकळा होतो. रॉबेर आणि कॅसेला यांचं माँटे कार्लोचं (सोडती काढून उत्तर मोजण्याचं) पुस्तक याच्यानंतर, गरज पडेल तसं.

क्रेझिग हे नाव इंजिनिअरिंगवाल्यांना गणिताच्या जाडजूड पुस्तकामुळे पाठ असतं. फंक्शनल अ‍ॅनॅलिसिसचं पुस्तकही त्यांचंच, आणि तितकंच हाताला धरून नेणारं. मेझर थिअरी न येता वाचता येतं. हिल्बर्ट स्पेसपर्यंत (अनंत मितींच्या भूमितीपर्यंत) पोचलात की मशीन लर्निंगमधल्या कर्नल पद्धती परक्या राहत नाहीत.

नंतर जॉर्डन यांनी आणखी चार नावं जोडली: त्सिबाकोव्ह, नेस्तेरोव्ह, व्हॅन डर वार्ट आणि एफ्रन. पहिली तीन संशोधनात शिरणाऱ्यांसाठी. एफ्रनचं ‘लार्ज-स्केल इन्फरन्स’ मात्र लवकर चाळावं. त्यात प्रोस्टेट कर्करोगाचा डेटा आहे: १०२ पुरुष, ६०३३ जनुकं. प्रत्येक जनुकावर ५ टक्क्यांची चाचणी लावली तर काहीही दडलेलं नसताना सुमारे ३०० जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. मॉडेलची शेकडो सेटिंग्ज चालवून सगळ्यांत चांगला आकडा अहवालात घालणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात असतो.

आता हिशेब. आठवड्याला दहा तास धरले तर कॅसेला-बर्जरला सात-आठ महिने लागतात, त्याहून घाई करू नये. सोबत बॉइड किंवा गोलब यांपैकी एकच ठेवा. तिसरं उघडलं की तिन्ही रखडतात. प्रत्येक प्रकरणाचे आठ ते दहा प्रश्न, उत्तर न बघता, प्रत्येकी किमान पाऊण तास. विकत फक्त कॅसेला-बर्जर आणि कव्हर-थॉमस घ्यावीत, कारण समासात लिहावं लागतं. कॅसेला-बर्जरची स्वस्त भारतीय आवृत्ती निघालेली आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर आवृत्ती तपासून घ्या, दुसरीच हवी. आणि वही दुरेघी नको, कोरी घ्या. डाव्या पानावर पुस्तकातली सिद्धता न बघता लिहायची आणि उजवं पान रिकामं सोडायचं. दुसऱ्या वाचनाला त्या उजव्या पानावर आधीच्या चुका लाल शाईने उतरतात.